यादी, आज्ञा आणि हसू : नववाचकांच्या विनोदी पुस्तकांविषयी

बालसाहित्याच्या चर्चेतून एक पुस्तकप्रकार हमखास सुटतो. अंकलिपी संपली आहे, पण गोष्टीचे पुस्तक अजून एकट्याने पेलत नाही, अशा अवस्थेतील मुलासाठी लिहिलेले छोटे, सचित्र, मोजक्या शब्दांचे पुस्तक हा तो प्रकार होय. मराठीत त्याला स्थिर असे नावही नाही. 'नवसाक्षर' हा शब्द आपण प्रौढांसाठी राखून ठेवला. म्हणून प्रस्तुत लेखात या मुलाला 'नववाचक' म्हटले आहे. साहित्यसमीक्षक या पुस्तकांना शिक्षणशास्त्राच्या हवाली करतो आणि शिक्षणशास्त्र त्यांची काठिण्यपातळी मोजून मोकळे होते. या प्रकारातील गाजलेली बहुतेक पुस्तके विनोदी का असावीत, हा प्रश्न निघालाच तर दोघेही एकाच रूपकाचा आश्रय घेतात : कडू औषधावरची साखर. अक्षरे जुळवणे कष्टाचे, म्हणून वर हास्याचा लेप.

हे रूपक तपासून पाहण्यासारखे आहे. साखर औषधापासून वेगळी काढता येते आणि काढली तरी औषधाचा गुण जात नाही. या पुस्तकांतील हास्य तसे वेगळे काढता येते काय? माझ्या मते येत नाही. त्यांच्यातील उत्तम पुस्तके ज्याला हसतात तो विषय दुसरातिसरा नसून खुद्द लिखित शब्द हाच आहे. अधिक नेमके सांगायचे तर, लिखित शब्दात दडलेली आज्ञा. नुकतेच वाचू लागलेले मूल त्या आज्ञेच्या कचाट्यात प्रथमच सापडलेले असते आणि विनोद त्या कचाट्याविषयीच बोलत असतो. हे म्हणणे मी मुख्यतः अमेरिकेतील इंग्रजी पुस्तकांच्या आधारे मांडणार आहे, कारण हा प्रकार जाणीवपूर्वक घडवला गेला तो तेथे. मराठीचा विचार त्यानंतर येईल, आणि तो वेगळ्या वाटेने करावा लागेल.

या प्रकाराचा जन्मच एका यादीतून झाला. १९३० पासून अमेरिकेतील शाळांत 'डिक अँड जेन' या नावाने ओळखली जाणारी वाचनपुस्तके चालत. ठरावीक शब्द ठरावीक वेळा गिरवून घ्यायचे, शब्द अक्षरांत न फोडता संपूर्ण आकृती म्हणून ओळखायला शिकवायचे, ही त्यांची रीत. मे १९५४ मध्ये कादंबरीकार जॉन हर्सी यांनी 'लाइफ' साप्ताहिकात या पुस्तकांच्या नीरसपणावर टीका करून मुलांची वाचनपुस्तके कल्पक चित्रकारांकडे सोपवावीत असे सुचवले. त्यांनी घेतलेल्या नावांत डॉ. स्यूस हे एक होते. पुढच्याच वर्षी रुडॉल्फ फ्लेश यांच्या 'व्हाय जॉनी कान्ट रीड' या पुस्तकाने वादाला तोंड फोडले. हॉटन मिफ्लिन या प्रकाशनसंस्थेच्या शिक्षण विभागाचे विल्यम स्पॉल्डिंग यांनी डॉ. स्यूस, म्हणजे थिओडोर गायझेल यांना पहिलीच्या मुलांच्या शब्दांची एक यादी दिली आणि तिच्यातच राहून पुस्तक लिहायला सांगितले. १९५७ साली आलेल्या 'द कॅट इन द हॅट'मध्ये सुमारे सोळाशे शब्दांचा मजकूर आहे आणि त्यात वेगवेगळे शब्द २३६. तीन वर्षांनी बेनेट सर्फ या प्रकाशकाने पन्नास शब्दांत पुस्तक लिहून दाखवण्याची पैज लावली आणि 'ग्रीन एग्ज अँड हॅम' (१९६०) तयार झाले. त्यातील पन्नासांपैकी एकोणपन्नास शब्द एकावयवी आहेत.

हा इतिहास नेहमी निर्बंधावर मात करणाऱ्या प्रतिभेची कथा म्हणून सांगितला जातो. त्यात तथ्य आहे, पण मुद्दा निसटतो. 'द कॅट इन द हॅट'चे कथानक पाहा : आई बाहेर गेलेली, घरात दोन मुले, बाहेर पाऊस. मांजर येते आणि घराची उलथापालथ करते. पेल्यातला मासा मात्र प्रत्येक वेळी काय चालणार नाही ते बजावत राहतो. हा मासा म्हणजे घरातील नियमावलीचा आवाज. मांजर त्या नियमावलीतील एकही नियम शिल्लक ठेवत नाही, आणि तरीही ते ज्या शब्दांत नाचते ते शब्द बहुतेक सगळे नेमून दिलेल्या यादीतले! कथेतील बंडखोराची भाषा जवळजवळ पूर्णपणे आज्ञाधारक आहे. आशय आणि रूपबंध यांच्यातील हा ताण त्या पुस्तकाच्या हास्याचे मूळ आहे. पुन्हा एकदा तेच शब्द येतात, पण या खेपेस ते शिस्तीच्या नव्हे तर पसाऱ्याच्या बाजूने. 'डिक अँड जेन'मध्येही शब्द पुनःपुन्हा येत असत. तेथे पुनरुक्ती हा सराव होता, येथे ती खोडी झाली.

येथे नववाचकाच्या वाचनाच्या गतीचा विचार करणे आवश्यक आहे. विनोदमीमांसेत हे अंग जवळजवळ दुर्लक्षित राहिले, कारण विनोदाचा वाचक आपण नेहमी सराईत गृहीत धरतो. विनोदाचा प्राण काळात असतो. उशिरा पोचलेला विनोद मेलेला असतो. आणि नववाचक तर अर्ध्या मिनिटाला एक वाक्य या वेगाने येत असतो. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत त्याची सुरुवात हातातून सुटते. अशा वाचकाला शाब्दिक कोटी सांगणे म्हणजे दमलेल्या माणसाला धावत्या गाडीत चढायला सांगणे. मग ही पुस्तके हसवतात कशी? एक, ती विनोद वाक्यात न ठेवता पानाच्या उलटण्यात ठेवतात. पान उलटण्याचा क्षण वाचकाच्या हातात असतो, वेगात नसतो. दोन, ती चित्राला शब्दाच्या पुढे किंवा विरुद्ध चालू देतात. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, ती पुनरुक्तीचा आधार घेतात. चौथ्या खेपेस तेच वाक्य समोर आले की मूल ते अक्षरे न जुळवता वाचते. आयुष्यात प्रथमच ते वेगाने वाचते. या वेगाच्या आनंदात आणि विनोदाच्या आनंदात भेद करणे कठीण आहे. मुलाच्या लेखी तर तो नसतोच. 'ग्रीन एग्ज अँड हॅम'मध्ये एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने नाकारायचे, एवढेच चालते. नकाराची यादी प्रत्येक वेळी थोडी लांबते, आणि वाचक त्या लांबीला पुरा पडतो. हसू येते ते पात्राच्या हट्टाचे की स्वतःच्या सामर्थ्याचे, हे सांगता येऊ नये अशीच या पुस्तकाची रचना आहे.

आता दुसऱ्या यादीकडे वळू. ही यादी कथेच्या आत आहे. पेगी पॅरिश या न्यूयॉर्कमधील शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या लेखिकेचे 'अमिलिया बेडिलिया' हे पुस्तक १९६३ साली फ्रिट्झ सीबेल यांच्या चित्रांसह प्रसिद्ध झाले. अमिलिया ही घरकामाला नव्याने लागलेली बाई. मालकीण कामांची यादी लिहून ठेवते आणि बाहेर पडते. अमिलिया यादीबरहुकूम वागते. अडचण एवढीच की अक्षरशः यादीबरहुकूम वागते. सामानावरची धूळ झटकण्यासाठी इंग्रजीत जे क्रियापद आहे त्याचा भुकटी शिंपडणे असाही अर्थ होतो, म्हणून ती सामानावर भुकटी शिंपडते. पडदे ओढायला सांगितले, तर ओढणे आणि रेखाटणे यांना इंग्रजीत एकच शब्द असल्यामुळे ती पडद्यांचे चित्र काढते. दिवे 'बाहेर घालायला' सांगितले म्हणून ती दिवे वाळत घालते. कोंबडी रांधण्यासाठी तयार करण्याऐवजी ती तिला कपडे चढवते.

साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे 'सैंधव आण' हे उदाहरण आठवल्यावाचून राहणार नाही. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधुदेशीचा घोडाही. मालक जेवायला बसलेला असताना सेवकाने मीठ आणावे, प्रवासाला निघालेला असताना घोडा. अनेकार्थी शब्दाचा कोणता अर्थ घ्यावा हे ठरवणाऱ्या गोष्टींची गणना भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त केली आहे : संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण इत्यादी. अमिलिया ही जेवणाच्या पाटावर घोडा आणून उभा करणारी सेविका आहे. तिला शब्द येतात, प्रकरण येत नाही. लक्षात घ्यायला हवे की तिचे अर्थ चुकीचे नाहीत. शब्दकोशात ते सर्व आहेत. चुकते ती निवड. आणि ही निवड कोणत्याही यादीत लिहिलेली नसते.

नववाचकाची नेमकी हीच अवस्था असते. त्याने अक्षरे शिकली, शब्द शिकले, आणि आता त्याच्या ध्यानात येते की एवढ्याने भागत नाही. शब्दाबाहेरचे काहीतरी मोठ्यांना ठाऊक आहे आणि ते आपल्याला कोणी सांगितलेले नाही. अमिलियाला हसताना मूल आपल्या कालच्या रूपाला हसते. कालपर्यंत आपण या जागी होतो आणि आज या चुका आपल्याला दिसतात, हे त्या हसण्याचे बळ. विनोदातील श्रेष्ठत्वाची भावना प्रौढ वाङ्मयात बहुधा हिणकस ठरते. सहा वर्षांच्या मुलाला ती इतर कोठेही मिळत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे मोल कळते.

पुस्तकाचा शेवट अधिक अर्थपूर्ण आहे. मालकीण संतापते, नोकरी जाण्याची वेळ येते, पण अमिलियाने करून ठेवलेल्या लिंबाच्या पायचा घास तोंडात पडतो आणि तिची नोकरी राहते. पाककौशल्याने नोकरी वाचणे हा ठोकळेबाज उपाय झाला. त्यापुढे जे घडते ते महत्त्वाचे : मालकीण आपल्या यादीची भाषा बदलते. ज्या क्रियापदांनी घोटाळा झाला त्यांच्या जागी ती अमिलियाला कळतील असे, प्रसंगी कोशात नसलेले शब्द वापरू लागते. यादी वाचणाऱ्याने नव्हे, यादी लिहिणाऱ्याने शिकायचे असते, हा निष्कर्ष वाचनपुस्तकात यावा ही साधी गोष्ट नाही.

तरीही या पुस्तकाविषयी एक अस्वस्थता उरते. हसू कोणाच्या खर्चाने येते? घरकाम करणाऱ्या बाईच्या. पुस्तकातला गर्भित वाचक यादी लिहिणाऱ्यांच्या घरातला आहे. पुढे पॅरिश यांच्या निधनानंतर त्यांचे पुतणे हर्मन पॅरिश यांनी मालिका चालवली आणि २००९ पासून अमिलियाच्या बालपणाची पुस्तके सुरू केली. त्यांत ती स्वतःच शाळकरी मुलगी आहे, त्यामुळे नोकरीचा प्रश्नच मिटतो. हा प्रश्नाचा निरास झाला, उत्तर नव्हे. आपल्याकडे तर तो अधिक टोकदार होतो. मुंबईत किंवा पुण्यात जी बाई चार घरची धुणीभांडी करते तिचा मुलगा महापालिकेच्या शाळेत पहिलीत असतो, आणि तोही नववाचकच आहे. शाळेतल्या वाचनकोपऱ्यात हे पुस्तक त्याच्या हाती आले तर त्याने कोणत्या बाजूने हसायचे? आपली लोककथा या बाबतीत अधिक शहाणी आहे. शब्दशः वागून फजिती करून घेणारा तिच्यातला प्रसिद्ध इसम म्हणजे वेडा जावई. सासुरवाडीला पहिल्या पाटाचा मान जावयाचा! जो मानाने वर बसला आहे त्यालाच भाषेने खाली ओढायचे, यात हास्याचा न्याय आहे. त्या न्यायाने पॅरिशबाईंच्या पुस्तकात घोटाळा मालकिणीकडून व्हायला हवा होता.

या पेचातून बाहेर पडण्याची वाट आर्नल्ड लोबेल यांनी दाखवली, आणि माझ्या मते या प्रकारातील सर्वश्रेष्ठ लेखक तेच. त्यांच्या 'फ्रॉग अँड टोड' मालिकेतील चार पुस्तके १९७० ते १९७९ या काळात आली. (मराठीत दोघांनाही बेडूकच म्हणावे लागते, म्हणून नावे तशीच ठेवतो. अनुवादकाची पंचाईत येथूनच सुरू होते.) १९७२ च्या 'फ्रॉग अँड टोड टुगेदर'मध्ये यादीचीच एक गोष्ट आहे. सकाळी टोड अंथरुणात बसून दिवसभराच्या कामांची यादी करतो. पहिले कलम जागे होण्याचे. ते झालेलेच असते, म्हणून तो लगेच त्यावर काट मारतो. नाश्ता, कपडे, फ्रॉगच्या घरी जाणे, त्याच्याबरोबर फिरणे, एकेक काम होते आणि एकेक काट पडते. फिरताना वाऱ्याने कागद उडतो. फ्रॉग म्हणतो, धाव, पकड. टोडला ते करता येत नाही, कारण यादीमागे धावणे हे काम यादीत लिहिलेले नाही! फ्रॉग डोंगर आणि दलदल तुडवत कागदामागे धावतो आणि रिकाम्या हाताने परततो. उरलेली कामे टोडला आठवत नाहीत. दोघे नुसते बसून राहतात. अंधार पडल्यावर फ्रॉग म्हणतो की आता झोपायला हवे, आणि टोडला आठवते की यादीतले शेवटचे काम तेच होते. तो काठीने जमिनीवर ते लिहितो, त्यावर काट मारतो, आणि दोघे झोपी जातात.

आंरी बर्गसाँ यांच्या १९०० सालच्या हास्यविषयक ग्रंथातील सिद्धान्त येथे चपखल लागू पडतो : जिवंत माणसावर यांत्रिकतेचे कवच चढले की हसू येते. टोड यंत्रासारखा वागतो. पण बर्गसाँ आणखी एक अट घालतात. हसण्यासाठी हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते, कणव आली की हसू मावळते. लोबेल ही अट मोडतात. बसून राहिलेल्या टोडला आपण हसतो आणि त्याच वेळी त्याचे दुःख खरे असल्याचेही आपल्याला कळते, कारण फ्रॉग त्याला हसत नाही, त्याच्या शेजारी बसतो. पुस्तकात वाचकाला बसायला फ्रॉगची जागा आहे. शिवाय येथे यादी लिहिणारा आणि पाळणारा एकच आहे. टोड स्वतःचाच मालक आणि स्वतःचाच नोकर. त्यामुळे अमिलियाच्या पुस्तकातील वर्गीय पेच येथे उद्भवत नाही, आणि विनोद मात्र अधिक खोल जातो : लिहिलेल्या शब्दाची सत्ता बाहेरून लादावी लागत नाही, लिहायला शिकलेला जीव ती स्वतःहून अंगावर घेतो. वाचायला शिकणाऱ्या मुलाला हे सांगावे, तेही त्याला वाचता येतील अशा मोजक्या शब्दांत, याला मी सामान्य कामगिरी मानत नाही. अक्षराचे सामर्थ्य शिकवणारी पुस्तके पुष्कळ आहेत. अक्षर उडून गेले तरी मित्र शेजारी राहतो आणि रात्र होतेच, हे शिकवणारे पुस्तक विरळा.

अलीकडच्या पुस्तकांपैकी मो विलेम्स यांच्या 'एलिफंट अँड पिगी' मालिकेचा (२००७ ते २०१६, पुस्तके २५) उल्लेख करायला हवा, कारण तेथे हा विचार उलटा फिरवलेला दिसतो. २०१० च्या 'वी आर इन अ बुक!' या पुस्तकात पात्रांना कळते की कोणीतरी आपल्याला वाचत आहे. मग वाचणाऱ्याकडून एक शब्द मोठ्याने वदवून घ्यायचा बेत ती करतात, तो साधतो, आणि दोघे लोटपोट हसतात. म्हणजे आज्ञा आता सरळ वाचकालाच दिली जाते आणि वाचक ती पाळतो, कारण वाचणे म्हणजेच ती पाळणे. शब्द समोर आला की न वाचण्याची सोय नाही. पुढे पुस्तक संपणार या कल्पनेने पात्रे घाबरतात आणि वाचकाला पुन्हा वाचण्याची विनंती करतात. आधी हुकूम, शेवटी विनवणी. चिन्हमीमांसेच्या वर्गात या चिमुकल्या संहितेवर एक तासिका सहज खर्च होईल. मात्र लोबेल यांच्यानंतर ते वाचताना चातुर्य अधिक आणि माया कमी जाणवते.

मराठीत हे सारे कसे आणावे, असा प्रश्न विचारला की चर्चा अनुवादाकडे वळते आणि तेथेच अडते. मांजर आणि टोपी यांचे यमक मराठीत जुळत नाही, हे खरे. पण ती अडचण वरवरची आहे. मूळ अडचण अशी की इंग्रजीतील शब्दयादी ही कल्पनाच मराठीला लागू पडत नाही. इंग्रजीचे वर्णलेखन बेभरवशाचे, म्हणून तेथे शब्द मोजून द्यावे लागतात. देवनागरीत अक्षर आले की शब्द वाचता येतो, मग तो पूर्वी पाहिलेला असो वा नसो. दुसरे असे की मराठीत शब्द मोजायचे कसे? घर, घरात, घराला, घरांवरून, घरचा, घरच्यांनी, हा एक शब्द की सहा? सामान्यरूपे आणि प्रत्यय यांच्या भाषेत पन्नास शब्दांची पैज लावणाराही फसेल आणि जिंकणाराही. मराठी नववाचकाची पायरी शब्दांची नसून स्वरचिन्हांची आहे : आधी बिनकानामात्रेचे शब्द, मग काना, मग वेलांट्या, उकार, मात्रे, आणि शेवटी जोडाक्षरे. अलीकडे काही व्यंजने आणि काही स्वरचिन्हे एकाच वेळी देण्याची पद्धतही वापरली जाते. परंतु दीर्घकाळ रूढ राहिलेला क्रम हाच, आणि अनेक घरांतील अंकलिप्या आजही तोच पाळतात.

या क्रमाचा व्याकरणिक परिणाम मला विलक्षण वाटतो. बिनकानामात्रेच्या मराठीत कोणती वाक्ये लिहिता येतात? भूतकाळ लिहिता येत नाही, कारण 'गेला', 'आली', 'पडले' या रूपांना स्वरचिन्ह लागते. वर्तमानकाळाचीही तीच गत. 'मी' नाही, 'तू' नाही, 'तो' नाही. 'आहे' नाही. विभक्तिप्रत्ययांपैकी जवळजवळ कोणताच नाही. उरते ते क्रियापदाचे एकच रूप, नुसता धातू, म्हणजे आज्ञार्थी एकवचन : कर, बघ, धर, चल, बस, उठ. नाव घ्यायचे आणि हुकूम सोडायचा. मदन, फणस धर. अजय, परत चल. अशा वाक्यांची पाठ्यपुस्तकी नीरसता हा आपल्याकडे थट्टेचा विषय झाला आहे. पण ती नीरसता लेखकाच्या आळसातून आलेली नाही, ती लिपी आणि व्याकरण यांच्या सांध्यातून आलेली आहे. मराठी मुलाला लिखित भाषा प्रथम भेटते ती आज्ञा म्हणून. गोष्ट नंतर येते, कारण गोष्टीला भूतकाळ लागतो आणि भूतकाळाला काना. स्यूसना यादी बाहेरून देण्यात आली होती. आपली यादी बाराखडीतच दडलेली आहे.

आणि आज्ञांची भाषा ही विनोदाची खाणच असते, हे अमिलियाने दाखवून दिले आहे. मराठी स्वयंपाकघरातील आज्ञा घ्या. 'चहा टाक' म्हटल्यावर कोणी चहा मोरीत टाकत नाही. 'तांदूळ निवड' म्हटल्यावर कोणी त्यांतला एक आवडता दाणा निवडून बाजूला ठेवत नाही. 'दही लाव' म्हटल्यावर ते कोठे लावायचे असे कोणी विचारत नाही. 'भात लाव' हे वाक्य ओट्यापाशी म्हटले तर कुकर चढतो, आणि आषाढात कोकणातल्या खाचरात म्हटले तर माणसे चिखलात उतरतात. सैंधवाचे इतके सुरेख देशी उदाहरण शास्त्रकारांनाही मिळाले नव्हते! 'केर काढ', 'रांगोळी काढ', 'दृष्ट काढ', 'अंथरूण काढ', एका 'काढणे' या क्रियापदावर अर्धे पुस्तक उभे राहील. म्हणजे 'अमिलिया बेडिलिया'चा अनुवाद करता येत नाही हे खरे असले तरी तिची मराठी जावयाकडून करवून घेता येते. सासूने यादी द्यावी आणि जावयाने ती पाळावी.

मौखिक परंपरेतून आपल्याला दुसरी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे नकाराची रचना. चिमणीच्या दारावर कावळा पुनःपुन्हा हाक मारतो आणि चिमणी दर वेळी नवे कारण काढते. मागणी तीच, नकार नवा. 'ग्रीन एग्ज अँड हॅम'चा सांगाडा याहून वेगळा नाही. फरक एवढाच की चिऊकाऊची गोष्ट आजी सांगते आणि मूल ऐकते. वेग आजीच्या हातात असतो. ही गोष्ट मुलाने स्वतः वाचायची ठरवली की तिला छापील पानाची शिस्त लागते : एका पानावर हाक, पान उलटल्यावर कारण. हे भान मराठीत सर्वत्र दिसत नाही. वर्षानुवर्षे आपण सांगण्याची गोष्ट जशीच्या तशी छापली आणि तिला वाचनाचे पुस्तक म्हटले. विंदा करंदीकरांच्या बालकविता थोर आहेत, परंतु त्या मोठ्यांनी म्हणून दाखवाव्यात अशा आहेत. त्यांचा नाद कानासाठी आहे. नववाचकाच्या डोळ्यांचा विचार करणारे लेखन आपल्याकडे उशिरा सुरू झाले. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर' या संचात चित्र आणि वाक्य यांचे नाते जाणतेपणाने हाताळलेले आहे. २००४ साली स्थापन झालेल्या प्रथम बुक्सने वाचनाच्या पातळ्या आखून अनेक भारतीय भाषांत, त्यांत मराठीतही, स्वस्त पुस्तके काढली आणि २०१५ पासून स्टोरीवीव्हरवर ती सर्वांना खुली केली. काम मोठे आहे. पण पहिल्या पातळीचे पुस्तक एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेले की ते त्याच पातळीचे राहील याची हमी नसते. मूळ भाषेतला सोपा शब्द मराठीत जोडाक्षर घेऊन येतो, आणि पहिलीतले मूल विनोदापाशी पोचण्याआधीच रफारात अडखळते.

म्हणून मराठी लेखकाने स्वतःच्या यादीतून सुरुवात करावी असे मला वाटते, आणि ती यादी वर सांगितल्याप्रमाणे आज्ञांची आहे. तेथे एक पेच उभा राहतो. आज्ञेचा विनोद नकाराशिवाय होत नाही, आणि बिनकानामात्रेच्या मराठीत नकार लिहिता येत नाही. 'नको'ला काना आणि मात्रा. 'नाही'ला काना आणि वेलांटी. 'नका', 'नव्हे', 'मुळीच', सगळे शब्द पुढच्या धड्यांतले. 'कर' पहिल्या आठवड्यात वाचता येते आणि 'नको' वाचायला महिने लागतात, ही घटना शिक्षणशास्त्राला तांत्रिक वाटेल. साहित्याच्या अभ्यासकाला ती तशी वाटू नये.

टोडने काठीने जमिनीवर लिहिले तेव्हा आपल्या मनात धूळपाटी उभी राहते. आपल्याकडेही पहिली अक्षरे धुळीतच गिरवली जात आणि हाताने पुसली जात. त्याच्या यादीचे पहिले कलमही मराठीत बिनकानामात्रेचेच होते : उठ. त्याचे उत्तर शोधत मी बिनकानामात्रेचे शब्द बराच वेळ चाळले. 'पण' सापडतो, पण तो नकार नव्हे, लांबण आहे. नकाराच्या जवळ जाणारा असा एकच सापडला. तो शिष्ट नाही, कोणत्याही धड्यात तो कधी आल्याचे मला स्मरत नाही, आणि मुलांच्या तोंडी तो दिवसातून दहा वेळा असतो. डाव्या पानावर अंथरुणाचे चित्र, खाली 'मदन, उठ.' पान उलटले की पांघरुणाचा ढीग, आणि ढिगातून आलेला तो शब्द : 'छट.'